निळं म्हणजे निळंच!

...तर ती डोळ्यांची डॉक्टरीण मला विचारते, "काका, हात कशानं धुता?" आता मला सांगा, डोळे बघायला बसलीस ना बाई? मग डोळे बघ की! हातांची चौकशी कशाला? अहो, माझे डोळे ठणठणीत आहेत!

तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षं गाड्यांना रंग मारतोय. ठोकलेली गाडी येते, नवं दार बसतं, आणि बाकीच्या गाडीशी जुळणारा रंग कालवायचा कुणी? मी! मशीन नाही, माप नाही... पत्र्याच्या पट्टीवर एक हात मारायचा, बाहेर जाऊन उन्हात धरायची, झालं. गॅरेजात मला नावानं कुणी हाक मारत नाही, नुसतं 'शेडमास्तर'.

आणि परवा एक निळी गाडी आली. दार रंगवलं, गिऱ्हाईक उन्हात उभं राहिलं, हनुवटी खाजवली आणि म्हणालं, "मास्तर, गाडी निळी, दार हिरवं... हे दुसऱ्या कुणाचं दार आहे का?" टाळकंच सटकलं हो माझं! म्हटलं, ऊन तिरपं आहे. मग म्हटलं, रंगाचा डबा जुना आहे. मग म्हटलं, तुमची गाडीच विटलीय! मालक आले, दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं... आणि आत जाऊन सरळ माझ्या बायकोला फोन! अरे, मी काय शाळेतला पोरगा आहे? माझे डोळे ठणठणीत आहेत!

पण ही ऐकते का? दंडाला धरून दवाखान्यात नेलं. तिथं बाकावर तासभर बसलो, दार अर्धं उघडं, आत एकेक पेशंट तीच अक्षरं मोठ्यानं वाचतोय... झाली की पाठ! माझी पाळी आली, वरच्या दोन ओळी वाचल्या, खाली सगळं धुकं, पण थांबतोय कोण? घडाघडा शेवटच्या ओळीपर्यंत! डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "छान. पण काका, खालची अक्षरं मी मघाशीच बदललीत."

ही तोंडाला रुमाल लावून हसतेय. हस म्हटलं, हस! मग बाईंनी बटणांएवढ्या पंधरा रंगीत चकत्या पुढ्यात ठेवल्या. "एका रंगातून हळूहळू दुसऱ्यात जाईल, अशा ओळीनं लावा." कुणाला सांगताय? शेडमास्तरला? डाव्या हाताचा खेळ! लावल्या झटक्यात. त्यांनी उलटवल्या, मागे आकडे होते... दोन, नऊ, तीन, बारा.

मग झडती सुरू. "डायबेटिस किती वर्षं?" बारा. "गोळ्या?" घेतो की... आठवलं की. "मास्क?" आहे ना, खिळ्याला आहे, सहा वर्षं झाली, अजून नवा कोरा! "आणि हात?" थिनरनं. रंग दुसऱ्या कशानं निघतो, सांगा बरं? बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "साखरेनं डोळ्यांच्या पडद्याच्या शिरा पोखरल्यात, आणि वरून रोज थिनरची वाफ. दोघांनी मिळून रंगांची ओळख घालवलीय. गेलेलं सगळं परत येईल असं नाही सांगत. उरलंय ते राखू या."

आता मात्र ही हसायची थांबली. मलाही कसंतरीच झालं. रंग गेला तर मी कोण हो? उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "हा निळा स्वेटर शोभतो तुला." तर हळूच म्हणते, "अहो, हा हिरवा आहे. आणलात तेव्हापासून निळा म्हणताय. मला वाटलं, मास्तर म्हणतायत म्हणजे माझंच चुकत असेल... मीसुद्धा शेजारी निळाच सांगितला." रडू आलं हो मला. तिथंच, त्या खुर्चीत.

आता? गोळ्या घड्याळ लावून, हातात मोजे, तोंडाला मास्क... माझं बोललेलं कुणाला कळत नाही, हे मालकांना फार आवडलंय. रंग मीच कालवतो, हात सव्वीस वर्षांचा आहे. पण दुपारी ही जेवण घेऊन येते, बाहेरच उभी राहते, आत वास येतो म्हणते. मी पट्टी उन्हात धरतो. ही मान तिरकी करून म्हणते, "हिरवट आहे." गुमान आत जायचं, पुन्हा कालवायचं. तिसऱ्या दिवशी मालकांनी तिला खुर्ची दिली! मला सव्वीस वर्षांत स्टूल नाही!

तेव्हा कुणी विचारलं तर सांगा, शेडमास्तरचे डोळे ठणठणीत आहेत. फक्त ते दुपारी एक वाजता, डबा घेऊन येतात.