रेडेखिंडीचा उटीवाला

सरका, सरका जरा. शेकोटी सगळ्यांची आणि धूर तेवढा आबाचा, ही कुठली रीत? ए संद्या, नवी गाडी दारात लावलीस ना, मग मान वळवून वळवून तिच्याकडं काय बघतोस? कुणी नेत नाही. म्हंजे, माणूस तरी कुणी नेत नाही. हां, आता कसे गप झालात! ऐका मग.

अंकुश धुमाळ ठाऊक आहे? थोरांना ठाऊक आहे, बारक्यांनी ऐकून घ्या. उंच, किडकिडीत गडी. चिकट असा, की चहात माशी पडली तर पिळून मग टाकायचा. तालुक्याच्या सूतगिरणीत दुसऱ्या पाळीला लागला. पाळी सुटायची ती भुतं उठायच्या वक्ताला, आणि घरी यायचं रेडेखिंडीतनं. तालुक्याकडनं छाती फोडणारा चढ, मग खिंड, मग आपल्या गावापर्यंत लांबच लांब उतार. तळाला रस्ता उजवीकडं वळतो, आपल्याकडं. आणि डावीकडं फुटते ती जुनी गाडीवाट. पूर्वी बैलगाड्या त्याच वाटंनं जायच्या. धरण झालं तशी ती वाट सरळ पाण्यात जाते. वाट आहे, पण पलीकडं गाव नाही. ध्यानात ठेवा.

पहिल्यांदा अंकुशकडं सायकल होती. एका राती निघाला, डबा हँडलला, तोंडात विडी. चढाला उतरून सायकल ढकलायची, हे रोजचं. त्या राती पाय खाली टेकवायच्या आधीच सायकल चढायला लागली! पायडल मारलं नाही, दम लागला नाही. जशी काही आईनं पोराची पाठ धरावी, तशी मागनं कुणीतरी धरलेली. गडी खिंडीत पोचला तेव्हा विडीसुद्धा विझली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पारावर सांगायला लागला. मी म्हटलं, "अंकुशा, गिरणीत कापूस पिंजतोस का खातोस?"

तर माझ्यावरच उलटला. "आबा, हे तुझंच काम. तूच लपून ढकलतोस."

आता मान्य आहे, गावातल्या निम्म्या सायलेन्सरांत बटाटे मीच कोंबलेत. चौथीपर्यंत शिकलो, त्यातलं एक वरीस मास्तराच्या खुर्चीला खाजकुयली लावण्यात गेलं. पण बाबांनो, दुसऱ्याची सायकल वर ढकलायची? असलं पुण्याचं काम मी जन्मात केलेलं नाही!

मग अंकुशनं लुना घेतली. आणि लुनाबरोबर ती खोड लागली. कुठली? अरे, तुम्हा सगळ्यांना आहे ती. उतार आला की चावी बंद! पेट्रोल वाचवायचं. हसता काय? ए मुरल्या, तू तर बायकोला आणायला जातानाही करतोस. अंकुश खिंडीत आला की चावी बंद, बत्ती बंद, नुसत्या चांदण्यात गाडी खाली सोडायचा. सुंऽऽऽ.

एका राती उतार संपला. गाडी थांबायला हवी ना? थांबली नाही. वळण घेतलं. शाळेचा चढ आला, तोही चढली. मारुतीच्या देवळापाशी येऊन उभी राहिली, आवाज न करता. कुत्री होती देवळापाशी. भुंकली नाहीत. शेपूट पोटात घालून गाभाऱ्यात जाऊन बसली.

माझ्यासारखा असता तर त्या दिवशी गिरणी सोडून शेळ्या राखायला गेला असता. आणि हा? हा पारावर येऊन मांडीवर थाप मारून सांगतो, "आबा, काय ॲव्हरेज देते गाडी! काय ॲव्हरेज!"

लुना गेली, राजदूत आली. आता ऐका, इथनं पुढं शेकोटीला पाठ करून बसू नका.

राजदूतवर खिंडीत चावी बंद केली, की मागनं गाडी दबायची. कच्च! जसं कुणी पाय टाकून बसावं. मग त्या शांततेत श्वास ऐकू यायचा. उतरणाऱ्या माणसाचा नव्हे. जड ओझं चढवून आलेल्या माणसाचा. हूं... हूं... हूं... कानामागं. वास यायचा ओल्या बैलाचा. आणि खाली येऊन इंजिन चालू केलं, भड् भड् भड् झालं, की सीट मोकळी.

अंकुश मागं वळून बघायचा नाही. तेवढी अक्कल होती. चावी बंद करू नये, एवढी नव्हती.

आता माझी गंमत. त्या वक्ताला आपला सरपंच रोज दुपारी अंकुशच्या मागं बसून फुकट तालुक्याला जायचा. पांढरं धोतर, परीटघडीचं. मला ते धोतर बघवेना. एका दुपारी मी राजदूतच्या मागच्या सीटला वंगण फासलं. काळ्या सीटवर काळं वंगण, कुणाच्या बापाला दिसतंय! पण नशीब बघा, त्याच दिवशी सरपंचाला हगवण लागली. अंकुश एकटाच गेला, एकटाच आला.

सकाळी त्याची बायको शालन माझ्या दारात. हातात अंकुशचा सदरा. म्हणाली, "आबा, तुमचा चावटपणा पुरे झाला. हे निघत नाही."

मी सदरा पसरला. दोन्ही खांद्यांवर काळे पंजे. माझ्या पंजाच्या दीडपट. डाव्या पंजाला दोन बोटं नव्हती.

मी हसलो नाही. शालननं माझ्याकडं बघितलं आणि तिला कळलं, की आबा हसत नाही म्हंजे काहीतरी वंगाळ आहे.

मग मी तिला आणि अंकुशला समोर बसवून सांगितलं, जे मला माझ्या आज्यानं सांगितलेलं. बैलगाड्या खिंड चढायच्या तेव्हा प्रत्येक गाडीमागं एक माणूस पायी चालायचा. चढाला गाडी ढकलायची. बैल थकले, गाडी मागं सरकायला लागली, की गाडीवान वरनं ओरडायचा, "उटी!" की ह्यानं झटकन चाकाखाली दगड लावायचा. त्या दगडाला उटी म्हणायचे. उताराला गाडी सुटली तर पळत पुढं जाऊन चाकापुढं लावायचा. हात चाकाखाली, जीव गाडीवानाच्या तोंडात. असाच एक गडी होता, डाव्या हाताची दोन बोटं चाकाखाली गेलेला. त्याचं नाव कुणी लक्षात ठेवलं नाही, कारण कुणी नावानं हाक मारलीच नाही. हाक एकच, उटी! जन्मभर गाड्या ढकलल्या, पण गाडीत कुणी बसवलं नाही. एका राती गाडीवानाला डुलकी लागली. हाक आली नाही, गाडी आली. अंगावरनं गेली.

"तो तुला उगा ढकलत नाही, अंकुशा," मी म्हटलं. "त्याला बसायचंय. इंजिन बोलत असतं तोवर गाडी तुझी. गप झालं की त्याची. चावी बंद करू नको."

शालन म्हणाली, "ऐकलं का? मला सांगा, ऐकलं का?"

"ऐकलं," अंकुश म्हणाला. आणि बाहेर येऊन माझ्या कानात म्हणतो, "आबा, पेट्रोल तू घालतोस काय?"

वरीस गेलं. अंकुशनं बुलेट घेतली. जुनीच, पण बुलेट. आणि बुलेट पेट्रोल पिते, म्हंजे ह्याची खोड दुप्पट झाली. शालन पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी गेलेली. माहेर खिंडीच्या पलीकडं. पोरगी झाली. सव्वा महिना झाल्यावर अंकुश मायलेकींना आणायला गेला. दिवसाउजेडी निघायचं, तर सासू म्हणाली, पुरणपोळी खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडू देणार नाही. सासूच्या पोळीनं जेवढी माणसं मेलीत तेवढी भुतांनी मारली नाहीत! निघायला अंधार पडला.

गाडीवर बसताना शालननं शपथ घातली. "पोरीची आण. चावीला हात लावायचा नाही."

"नाही लावत."

भड् भड् भड् करत चढ चढली. पोरगी आईच्या कुशीत रडत होती, सारखी रडत होती. खिंड आली. अंकुशच्या मनात नव्हतं, खरंच नव्हतं. पण हाताला वरसांची सवय. उतार दिसला, आणि हात आपोआप गेला.

टक्.

इंजिन गप. बत्ती गप. पोरगी गप.

"काय केलंत!" शालन म्हणाली.

आणि पोरगी हसली. सव्वा महिन्याची पोर, खुदकन हसली. पुढं बघून.

आता मागची सीट तर भरलेली. शालन बसलेली. मग तो बसणार कुठं? सांगा की! बसला ना. पुढं बसला. टाकीवर! बुलेटचं नाकाड खाली दबलं. अंकुशच्या दोन हातांच्या मधे थंडगार काहीतरी आलं, छातीला पाठ लावून. ओल्या बैलाचा वास. हूं... हूं... आणि हँडलवर, त्याच्या हातांवर, दुसरे हात. डाव्याला दोन बोटं कमी.

अंकुशनं ब्रेक दाबला. पाय दाबत होता, गाडी पळत होती. चावी पुढं, बत्तीपाशी, आणि मधे तो! हात घालायचा कुणाच्या पोटातनं? उतार सरला. वळण आलं. अंकुश उजवीकडं ओढतोय, हँडल डावीकडं चाललंय. डावीकडं! जुनी गाडीवाट. खालनं पाणी चांदण्यात चमकायला लागलं. त्याला वाटलं असंल, पलीकडं अजून गाव आहे. गाडीत बसून मिरवत जाऊ एकदा.

"शालन, पोरीला घेऊन उडी टाक!"

तिनं उडी टाकली नाही. पोरीला छातीशी आवळलं, आणि सगळा जीव गळ्यात आणून ओरडली. जसे गाडीवान ओरडायचे तशी.

"उटीऽऽऽ! उटी लाव रं, उटी!"

सवय, बाबांनो. अंकुशचा हात जसा चावीला गेला ना, तशी त्याचीही सवय. जन्म गेला, मरण गेलं, पण हाक आली की पळायचं. टाकी हलकी झाली. पुढं कुणीतरी धावल्याचे पाय वाजले, थप थप थप. आणि खाड्! बुलेट जागच्या जागी उभी. अंकुश टाकीवर आपटला, शालन अंकुशवर.

अंकुशनं चावी फिरवली. किक मारली. एक. नाही. दुसरी. नाही. अंधारात पुढनं श्वास येतोय, हूं... हूं... कुणीतरी वाकून बसलंय चाकापाशी, पुढच्या हाकेची वाट बघत. तिसरीला भड् भड् भड्! बत्ती लागली. पुढचं चाक पाण्यापासून वीतभर. चाकाखाली दगड. बाकी कुणी नाही.

गाडी मागं ओढून घरी आले. अंकुशनं गिरणी सोडली, बुलेट विकली. ती पोरगी आता तालुक्याला मास्तरीण आहे, आणि एसटीनं जाते.

पण तो दगड तिथंच राहिला. का? गाडीवान "काढ" म्हणेपर्यंत उटी काढायची नाही, ही त्याची रीत. शालननं लाव म्हटलं, काढ कुणी म्हटलंच नाही. म्हणून इतकी वरसं तो दगड धरून बसलाय आणि खिंड शांत आहे. तुम्हाला सांगून ठेवतो, त्या वाटंला जायचं नाही. मस्करीत नाही, फोटो काढायला नाही, पैज लावून तर नाहीच.

काय म्हणतोस, संद्या? दगड कसा होता? चपटा होता. बाजरीच्या भाकरीएवढा. एका अंगाला चाकाची खाच पडलेली.

का रं? असा पांढरा का पडलास?

कुठनं आणलास? दुपारी पाण्याकाठी फोटो काढताना? स्टँड मातीत रुततो म्हणून गाडीच्या स्टँडखाली घातलास? अरे गाढवा, सगळ्या धरणात तुला तोच दगड गावला?

हसू नका रं. मी हसतोय का बघा.

बरं, गप बसा सगळे. दगडाला हात लावू नका. फटफटल्यावर आपण सगळे जाऊ, इंजिन चालू ठेवून, आणि होता तिथं ठेवून येऊ. आज रातीला खिंडीकडं कुणी जायचं नाही.

संद्या, चावी तुझ्या खिशात आहे ना? दाखव. बरं.

मग तिकडं बघा जरा. मागची सीट दबली कशी?