चायाच्या वाळलेल्या काड्या

"चायाची काडी तोडल्या तोडल्या मातीत खोचू नकोस," असं सासूबाईंनी बजावलं होतं. नेयदीनं ते हसण्यावारी नेलं आणि चाया या पालेभाजीच्या झाडाच्या सगळ्या काड्या कुजल्या. म्हणून आज ती नव्या काड्यांसाठी तान्ह्याला कडेवर घेऊन तिकुल गावच्या रोपवाटिकेत रांगेला उभी होती. पुढचा माणूस रोपवाटिकेच्या फिदेलियाबाईंशी बोलत होता.

"मावशी, ताज्या तोडलेल्या काड्या द्या."

"ताज्या कशाला, सिरिलो? सावलीत पडून चीक सुकलेल्या घे. ओल्या जखमेला कुणी माती फासतं का?"

"आणि पाणी?"

"बेतानं. चाया आहे ती, बदक नव्हे."

"पानं लवकर यायला हवीत हो. आईपायी घरचं झाड बोडकं झालंय."

"एवढी भाजी खाते?"

"भाजी कसली! शुगर आहे तिला. रोज सकाळी पेलाभर हिरवा रस."

"पानं उकळूनच ना?"

"कच्चीच. उकळली की सत्त्व जातं म्हणते."

"अरे देवा! कच्ची चाया विषारी असते रे. बरी आहे ना ती?"

"कालपासून गरगरतंय तिला, ओकाऱ्याही झाल्या. अशक्तपणा वाटला, म्हणून आज दोन पेले दिले."

"फोन लाव आधी."

"उचलत नाहीये."

"शेजारी कोण आहे?"

"सगळे मक्याच्या शेतावर. एकटीच आहे ती, तेआबो गावात, चर्चच्या मागं."

"मग काड्या ठेव आणि पळ!"

पण तेआबोची गाडी नुकतीच सुटली होती, सिरिलोला पोचायला वेळ लागणार होता. म्हणून हे वाचणाऱ्यांकडे नेयदीचं एवढंच मागणं आहे: तुम्ही तेआबोत असाल, तर चर्चमागं सिरिलोच्या आईचं दार वाजवा. आत जाऊन तिला बघा.