अस्वलाच्या कवड्या

—नाई, नाई, बसा तुमी. टांगेवाला कुठं पळून नाई चालला, आमच्याच गल्लीतलं घोडं हाय त्याचं. अन् गाडीचं काय घेऊन बसले — पॅसेंजर हाय ते, शेगावले थांबली की देवाले गेलेल्या म्हातारीसारखी बसूनच राहते. तवा टेका जरा. टोपी काढा म्हणत नाई, राहू द्या डोक्यावर. पण जवाईबापू, सकाळपासून तुमी एकच वाक्य बोलले, तेबी भिंतीकडं पाहून — वच्छलाले घेऊन दुपारच्या गाडीनं चांदूरले निंघतो. बस. चहा थंडा झाला, त्याच्यावर साय आली, सायीवर माशी बसली, माशी बुडून मेली, पण तुमी काई दुसरं वाक्य काढलं नाई. आतमंदी तुमची सासू पार्वताबाई डोळे पुसत पुरण वाटून राहिली. धोंड्याचा महिना हाय, राजेहो, तीन वर्सातून एकदा येते — तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे मांडाचे, वर दिवा लावाचा, जवायाले देव समजून ओवाळाचं — अन् आमचा देव थैली पायाशी घेऊन ओसरीवर बसला, जेवत नाई. काहून? तर म्हणे, कालच्या खेळात मेला. आता खेळात मेल्यावर कोणी रुसते काय? हा आमचा शेजारी किसनराव किती खेप मेला, त्याचं त्यालेच मालूम नाई. मरते, घरी जाते, पोटभर जेवते, अन् दुसऱ्या रविवारी नवा माणूस होऊन येते. मेलेला परत येत नाई, हा कायदा हाय, पण नव्याले कोणाची मनाई?

तुमाले खेळ समजला नाई, म्हणून राग आला. मुळापासून सांगतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या टॉकीजले तो इंग्रजी सिनेमा लागला, आदिमानवाचा. मी भोंगेवाला — टांग्याच्या दोन्ही बाजूले बोर्ड बांधाचे, तोंडाले पत्र्याचा भोंगा लावाचा, अन् जुन्या शहरापासून ताजनापेठेपर्यंत सिनेमाची दवंडी द्याची. पडद्यावर जे हाय ते सांगाचं, जे नाई तेबी सांगाचं. म्हटलं, पाहा हो पाहा, केसाळ हत्ती पाहा, झोपडीएवढं अस्वल पाहा, बैलगाडीएवढं कासव पाहा! आता कासव त्या सिनेमात नव्हतंच. पण विचारा अकोल्यात कोणालेबी, ज्यानं त्यानं कासव पाहिलं. बाळापूरचा एक माळी तर म्हणे, त्यानं कासवाचं अंडंबी पाहिलं. अन् भाषेची अडचण कोणाले आली नाई, कारण त्या माणसाईले भाषाच नव्हती — नुसतं हूं, हां, ढुम्. पहिल्याच रिळात एकानं दुसऱ्याच्या टाळक्यात धोंडा घातला, अन् सगळी टॉकीज एका आवाजात म्हणाली, समजलं. अस्वल आलं तवा मागच्या बाकड्यावरून चपला उडाल्या पडद्यावर. मी दाराशी उभा राहून रोज पाहिला तो सिनेमा, पाठ झाला. मंग एक दिवस रिळं डब्यात बंद होऊन नागपूरच्या गाडीत चढली, अन् मले करमेना. जेवताना करमेना, भोंग्यात तोंड घातलं तरी करमेना. पार्वताबाई म्हणे, सवत गेल्यासारखं काय करून राहिले?

तवा मी तो सिनेमा या ओसरीवर उतरवला. हे पाहा, गेरूनं आखलेलं अजून पुसलं नाई — हे वाडगं पालथं घातलं, ते पातूरचे डोंगर, गुहा तिथं. हे हिरव्या लुगड्याचं फडकं म्हणजे सेमाडोहचं जंगल. सिनेमात आग ओकणारा डोंगर होता. वऱ्हाडात तो मी कुठून आणू? म्हणून मी कापसाच्या पेटलेल्या गंजीसारखा डोंगर केला — वरून पांढरा, आतून धगधगता, माणूस चढला की पायाखालून गिळते. चंद्रभान शिंप्याचा पहिला माणूस त्यातच गेला. पाय गेले, कंबर गेली, चरबी जळाचा वास सुटला, हात वर करून बोंबलत होता — अन् या किसनरावानं त्याचा हात ओढाच्या जागी त्याचा भाला ओढून घेतला. आठ दिवस बोलत नव्हते एकमेकाशी.

हा सारीपाट नाई, जवाईबापू, इथं सोंगटी घरात नेऊन कोणी जिंकत नाई. ज्याचा त्याचा एक चिचोका, अन् तो चिचोका म्हणजे तो माणूस. समोर काय आलं ते मी सांगतो, तुमी काय करता ते तुमी सांगा, अन् जमलं का नाई ते कवड्या सांगते. सात कवड्या, चार उताण्या पडल्या की घाव लागला. जनावराच्याबी कवड्या असते, पण त्या मी टाकत नाई. गोष्ट सांगणाऱ्याच्या हाती जनावर दिलं तर तो कोणाले जिता ठेवन? म्हणून जनावराचा हात बाहेरचा, टोळीत जो नाई त्याचा. घाव लागला की मी त्या हाताले विचारतो, पुरं का? तो पुरं म्हणाला की जनावर जंगलात परत. एवढी दया मी माझ्या पदरची घातली — सिनेमात नव्हती.

तर काल रविवारी तुमी बसले आमच्या टोळीत. नाव घेतलं ढोम. अन् खरं सांगू काय, खुशालराव, तुमच्यासारखा खेळणारा मी पाहिला नाई. रानडुकराले तुमी आडवं पाडून दातानं गळा फाडला. नदीपलीकडच्या टोळीचा म्होरक्या आला तर त्याचा जबडा धोंड्यानं असा फोडला की चंद्रभान आपली हनुवटी चाचपून पाहे. मले अभिमान वाटला. म्हटलं, वा रे माझा जवाई, वाण्यासारखा कवड्या मोजत नाई, सरळ घाव घालते! मंग त्या टोळीतली एक बाई तुमच्या वाट्याले आली — हे लाल गुंजेचं बी, हेच ती. किसनराव म्हणाला, पाणी आणाले ठेवू. चंद्रभान म्हणाला, सोडा, खाणारं तोंड कशाले वाढवता. अन् तुमी मांडी बदलली, सुपारी कातरून राहिले होते ते थांबवलं, अन् म्हटलं, "पहिल्याच दिवशी हिचा हात दगडावर ठेवाचा अन् वरून दुसरा दगड घालाचा. दोन बोटं, जास्त नाई. कामाले हात लागते. मंग आवाज करत नाई."

मीबी हसलो तवा. सगळेच हसले. खेळच होता.

मंग गोष्टीले अस्वल पाहिजे होतं, मी अस्वल काढलं. गुहेतून आलं ते, दोन पायावर उभं, तोंडाले आधीच्या कोणाचंतरी रक्त — अन् सरळ ढोमकडं. आता मले घोर पडला. धोंड्याचा महिना, जवाई पाहुणा, अन् अस्वलाच्या कवड्या दर रविवारी टाकते तो समोरचा किराणेवाला, तो कोणाची गय करत नाई, मागच्या खेपेले त्यानं माझ्या सख्ख्या साळ्याले सोललं. जवायाच्या अंगाले खेळातबी ओरखडा नको, म्हणून मी अक्कल लढवली. दारात वच्छला उभी होती. म्हटलं, ये बाई, अस्वलाचा हात आज तू हो. नवऱ्याचं आयुष्य बायकोच्याच हाती बरं — पहिल्या घावाले पुरं म्हणन, अस्वल जाईन, देव शाबूत राहीन. आली. बसली. डाव्या हातानं कवड्या घेतल्या, उजव्याले चिंधी हाय ना तिच्या, वरवंटा पडला म्हणे — बरं, ते राहू द्या.

टाकल्या. पाच उताण्या. मी सांगितलं, अस्वलाचा पंजा ढोमच्या खांद्यावर बसला, मांस हाडापासून सुटलं, हात लोंबकळून राहिला. अन् तिच्याकडं पाहून विचारलं, पुरं का?

"अजून," म्हणाली.

किसनरावानं मांडीवर थाप मारली. म्हणे, माहेरी आली की लेकीची वाघीण होते. तुमीबी हसले. हसले ना? टाकल्या तिनं, चार. पंजा पोटात गेला, आतडी बाहेर आली, ढोम ती दोन्ही हातानं आत कोंबून राहिला — आता माझा धंदाच हा, जवाईबापू, भोंग्याची सवय, कमी सांगता येत नाई. पुरं का? अजून. या खेपेले कोणी हसलं नाई. पार्वताबाई पळी घेऊन दारात आली. टाकल्या. अस्वलानं डोकं जबड्यात धरलं, अन् कवटी कशी वाजली ते मी सांगाले लागलो, अन् अर्ध्यातच सोडलं. म्हटलं, बाई, मेला तो. ती म्हणे कवड्या द्या. म्हटलं, मेल्यावर मोजत नाई. तिनं माझ्या हातातून ओढून घेतल्या अन् टाकल्या, अन् राजेहो — मी जनमभर खोटं सांगत आलो, हे खोटं नाई — सातच्या सात उताण्या. मंग चिचोका उचलला तिनं अन् अंगणात फेकला.

पुरुषमाणसाले राग आला असता तर त्यानं बायकोच्या तोंडाकडं पाहिलं असतं. तुमी तोंडाकडं नाई पाहिलं. तुमी चिंधीकडं पाहिलं.

काय म्हटलं? — थांबा, माझं सांगून होऊ द्या.

हे पाहा, मले काई मालूम नाई. मी काई विचारलंबी नाई तिले, अन् तिनं सांगितलंबी नाई. लग्नाले तीन वर्सं झाली, एक शब्द नाई. येते, हसते, जाते. मी कशाले विचारू? पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नाई, खुशालराव — तुमी कोणासमोर बसून बोलले. मी पिढीजात गप्पाड्या माणूस. बनवलेली गोष्ट अन् केलेली गोष्ट, मले वासावरून समजते. बनवणारा जास्त सांगते. तो आख्खा हात ठेचते, खांद्यापासून उपटते, कुत्र्याले घालते. दोन बोटं, जास्त नाई, कामाले हात लागते — एवढं मोजूनमापून कोणी बनवत नाई, बापू. सिनेमात नव्हतं ते. माझ्या गोष्टीतबी नव्हतं, अन् मी तर त्यात कासव घातलं. ते तुमी तुमच्या घरून आणलं.

सकाळी तुमी आंघोळीले बसले, तवा तिच्या मायनं ती चिंधी सोडली. मी गेलो नाई पाहाले. मी दाढी करून राहिलो होतो. आत पितळेचं पातेलं पडल्याचा आवाज आला. हा पाहा गालावर, तवाच कापलं. वस्तरा होता हातात माझ्या. तुमी तिकडं न्हाणीत, पाठमोरे, डोळ्याले साबण. मी काय-काय इचार केला ते सांगत नाई. सांगाले लागलो तर भोंग्याची सवय — आतड्यापर्यंत सांगीन. किसनरावानंच येऊन वस्तरा घेतला हातातून, म्हणे, पुंजाजी, दाढी झाली तुमची.

तवापासून तो मागच्या अंगणात लाकडं फोडून राहिला. आमची लाकडं संपली नाई. मी सांगितलंबी नाई त्याले.

तर ट्रंक भरली नाई वच्छलाची. भरणार नाई. तुमी म्हणान, लोक काय म्हणतील — धोंड्याच्या महिन्यात जवाई उपाशी गेला, सासऱ्यानं लेक ठेवून घेतली. म्हणन, लोक म्हणन. पार्वताबाईबी तेच म्हणत होती काल रात्रीपर्यंत. पातेलं पडल्यापासून म्हणत नाई. अन् तुमी चार माणसं घेऊन याल, पंचायत बसवाल, बायको नांदाले पाठवा म्हणाल — या. पण चांदूरच्या बाजारातबी टांगा भेटते, अन् भोंगा माझ्या घरचा हाय. चौकाचौकात उभा राहून सांगीन, तुमच्या भाऊबंदाच्या दारासमोर सांगीन, अन् जवाईबापू, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा असं होईन की पदरचं काई घालावं लागणार नाई.

धोंडे बांधून द्याले सांगू पार्वताबाईले? नको? बरं. उपाशी माणसाले गाडीत झोप चांगली लागते.

उठले? हां. थैली घ्या. — तिकडं नाई, खुशालराव. ते सैपाकघर हाय, तिथं ती बसली. रस्ता इकडं.