उजवा पाय

हवानातल्या पावाच्या रांगेत 'शेवटचं कोण?' असं विचारून मी उभा राहिलो. पुढे आमच्या गल्लीत कपडे शिवणारी नेरेइदा होती आणि तिच्याशेजारी एक चाळिशीची बाई, हातात पांढरी विजार घेऊन.

"इदाल्मिस, ही तुझी तलवारबाजीचीच ना? नऊ वर्षांनी परत जायला लागलीस म्हणे."

"गेल्याच आठवड्यापासून, मावशी. मांड्या इतक्या दुखतात, जिना उतरताना अजून कठडा धरावा लागतोय."

"विजार होते का?"

"कंबरेला हूक लागत नाही. तेवढी सैल करून द्या."

"देते. पण हा उजवा पाय केवढा ढगळ आहे. कुणी शिवलाय असा?"

"आईनं. उजवा पाय टाकून सारखी झेप घ्यायची ना, ती मांडी डावीपेक्षा जाड झाली होती. आई दर वर्षी तेवढीच शिवण उसवून वाढवायची."

"आणि आता?"

"आता दोन्ही सारख्या. नऊ वर्षं आईला उचलायला-बसवायला दोन्ही पायांवर सारखाच जोर लागायचा."

"तिला जाऊन पाच महिने झाले, नाही?"

"झाले."

"बरं, मग उजवीकडे दोन बोटं आत घेते. नाहीतर चारचौघांत पिशवी लटकल्यासारखं दिसेल."

"दिसू दे."

"अगं, हसतील."

"परवाच हसले. तुम्ही कंबर तेवढी बघा, मावशी. आईची शिवण राहू दे तशीच. तेवढी मांडी मी परत आणते."