डुकरांना लावलेलं अत्तर

"कोनाचा इस्वास बसनार नाही, पंचफुला," दारव्ह्याहून सुटणाऱ्या जीपमध्ये मांडीवरची पिशवी सांभाळत भीमराजमामा म्हणाले, "पन म्या बांधावर खसाचं अत्तर शिंपडलं, अन् हरभरा वाचला!"

पंचफुलाचे कान टवकारले. "माह्या हरभऱ्यात तं रानडुकरं रोज धुडगूस घालून राह्यले. अत्तरानं पळतीन?"

"त्यात लोळले, घमघमले, अन् एकमेकाले वळखतच नाही! मायनं पिल्लाले हाकललं, पिल्लानं बापाले. कळपच फुटला!"

"थांबव गा जीप! मले अत्तर घ्याचं हाय."

तिच्या घाईत मामांची पिशवी उलटली. काळेपांढरे केस सगळ्यांच्या पायांत पसरले.

"हे काय, मामा?"

"सलूनमधले... केस."

"मानसाच्या वासानं डुकरं पळते म्हनून बांधावर टाकाले नेता नं? खोटारडे! आता अर्धे माह्या ओटीत टाका."