साडूचा मधला पक्ष आणि माझ्या अंगणातल्या पाट्या

अमेरिकेतल्या ह्या अख्ख्या नेपरव्हिल गावामधी माझ्याएवढं राजकारण कळणारा मराठी माणूस तुम्हाला घावायचा न्हाई. आता इंग्लिश येत न्हाई म्हणून टीव्हीवरचा माणूस चिडलाय का हसतोय एवढंच मला कळतं, आणि सिटिझनच्या परीक्षेत मी आपटलो ते वेगळंच, पण ते सोडा.

गाव माझं गडहिंग्लजकडं. शाळा मी न्हाई सोडली, चौथीत शाळेनंच मला सोडलं, मंग हाटेलात भजी तळली, आणि अमेरिकेला आलो तो साडूच्या जिवावर. बायकोची थोरली बहीण इथं, तिनं आम्हाला स्पॉन्सर केलं. साडू विनायकराव पुण्याचा इंजिनियर, आणि मी इंडियन ग्रोसरीच्या मागच्या किचनमधी चपात्या लाटतो. तिथं बाया म्हणतात काका, चपाती किती मऊ, आणि घरी बायको, सुनंदा, म्हणते, दाजी बघा कसं बोलतात. दाजी, दाजी, दाजी. काय सांगू तुम्हाला, आमच्या हाटेलातली कढईबी एवढी तापत नव्हती.

तर हा साडू यंदा मधल्या पक्षात शिरला. मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हंजे ज्यानं त्यानं घरनं पदार्थ आणायच्या जेवणाला, हातात प्लेट धरून सांगतोय, बघा, एक पक्ष ह्या टोकाला ओढतो, दुसरा त्या टोकाला, मधला माणूस घरात बसून वैतागतो, तिसरा पक्ष मध्ये उभा राहिला की दोघांनाही थोडं सरकून यावं लागेल. सगळी माणसं मान डोलवायला लागली. मलाबी पटलं, आणि तेच तर दुखणं, दुसरा कोण बोलला असता तर मीबी डोलवली असती. मी म्हटलं, विनायकराव, मधला निवडून येत न्हाई, मतं तेवढी खातो. गावात ग्रामपंचायतीला मी असाच मधनं उभा राहिलो, नाराज लोकांनी चहा पाजला म्हणून, आणि माझ्यापायी सख्खा चुलता पडला. लई हसली सगळी. साडू म्हणाला, हसू नका यार, पॉइंट आहे त्यांचा. असा मोठेपणा दाखवला, मी आणखीच जळलो.

आता आमच्या घरात मत एकच, सुनंदाचं. ती डे-केअरमधी पोरं सांभाळते, इंग्लिश बोलते, परीक्षा पास झाली, यंदा तिचं पहिलं मत. आणि ते दाजींच्या माणसाला जाणार म्हंजे माझ्या घरात साडूची सत्ता आली की. मला झोप लागंना.

साडूनं त्याच्या अंगणात पक्षाची पाटी रोवली होती. मी म्हटलं, ह्याच्यापेक्षा मीच जास्त मधला होऊन दाखवतो. घर माझं मधीच हाय, उजवीकडं बॉब, डावीकडं कॅरल, दोघांच्या अंगणात दोन पक्षांच्या पाट्या आणि दोघांचं बोलणं बंद. हिवाळ्यात बॉब आमच्या दारापुढचा बर्फसुद्धा काढतो, पण कॅरलची हद्द आली की मशीन बंद. मी बॉबकडं गेलो, पाटीकडं बोट दाखवलं, हसलो, त्यानं खुशीनं एक दिली. मंग कॅरलकडं गेलो, तिनंबी दिली, वर मिठी मारली. दोन्ही शेजारी शेजारी रोवल्या. गावाकडं दोन्ही पॅनेलची पत्रकं दारावर लावली की दोन्हीकडचा चहा मिळतो, कोण वाईट म्हणत न्हाई. हितंबी तसंच असंल म्हटलं.

संध्याकाळी बेल वाजली. दारात बॉब आणि कॅरल, दोघं एकत्र. मी सुनंदाला पुढं ढकललं आणि मागं उभा राहिलो. मी नक्की कुणाच्या बाजूचा ते विचारायला आली होती, सुनंदानं मागनं सांगितलं; ह्यांना मतच न्हाई, दोन्हीकडच्या चहासाठी पाट्या लावल्यात, असं ती म्हणाली आणि तिघं जी हसायला लागली, बॉबच्या डोळ्यांत पाणी. कॅरलनं त्याचा दंड धरला. जाताना बोलत बोलत गेली दोघं, फुटपाथवर बराच वेळ उभी होती.

मी लगेच साडूला फोन लावला, तुमच्या पक्षाला जमलं न्हाई ते दोन पाट्यांत केलं म्हणून. तो म्हणाला, ग्रेट, मीटिंगमध्ये सांगतो सगळ्यांना. म्हंजे तिथंबी टाळ्या त्यालाच.

परवा सुनंदा मत देऊन आली. कुणाला, ते सांगंना. मी म्हटलं, अगं, दोन टोकं एका दारात आणली मी, निदान मत तरी माझं ऐकून दिलंस का? चप्पल काढता काढता म्हणाली, दोघांना एकत्र हसवायला तुमच्यासारखा एक येडा पुरतो हो, पण येड्याचं ऐकून मत कोण देतं?