कोपऱ्याचे तीन टाके

मी करकंबची, लगीन होऊन शुक्रवार पेठेत आले आन् तवापासनं टॉवेलाच्या कारखान्यात शिवणीवर हाय. मागावरनं टॉवेल येतो, कड दुमडून शिलाई मारायची, कोपऱ्याला तीन टाके उलटे घ्यायचे, मजी धुऊन धुऊन इरला तरी कड सुटत न्हाय. हे नरसम्मानं शिकवलं, शेजारच्या मशीनवरची, घरी तेलुगू बोलणारी. कड सुटली तर तुझं नाव जातंय अक्का, आसं म्हणायची, आन् मी हसायची, टॉवेलावर माझं नाव कुटं असतंय गं.

आमचा निम्मा माल परदेशी जायचा, आन् परदेशाचं म्हणाल तर माझी तक्रार न्हाय. आमचा मागचा दरवाजा कायम कुलपात, बायका कापड चोरतात म्हणून. काय सांगू तुमाला, आत सगळा कापूस, एक ठिणगी पडली तर आमी कुटनं निघायचं? सांगून सांगून थकलो. मग परदेशी गिऱ्हाइकाचा माणूस बघायला आला, म्हणला दार उघडं ठेवा न्हायतर माल घेत न्हाय. त्याच दिवशी कुलूप निघालं. आमच्या जिवापेक्षा त्याची आर्डर मोठी, पर दार उघडलं ते उघडलं.

मग तिकडं आपल्या मालावर कर वाढला, आर्डरी थांबल्या. मालकांनी लष्कराची, जवानांच्या टॉवेलाची आर्डर घेतली, अट अशी की सूत हितलं, माग हितला. आन् एक दिवस टेम्पोतनं गठ्ठे उतरले, परदेशात तयार झालेले, स्वस्तातले टॉवेल. मालक म्हणले, लेबलं उसवा, आपली लावा, आन् कोपऱ्याला ते तुमचे तीन टाके घ्या, तपासणारा आपला माल त्यावरनंच वळखतो.

माझं डोस्कंच फिरलं. मी म्हणलं मालक, मी न्हाय घेणार. ते म्हणले साधा टॉवेल हाय, त्यानं काय देश बुडतोय व्हय? मी म्हणलं आज टॉवेल, उद्या दोर असंल, त्याला धरून कडा चढणाऱ्या जवान पोराला कळाय नको व्हय तो कुणी वळला? तिकडचा माल येऊ द्या की, आमचा न्हाय का तिकडं जात, पर त्याच्या नावानं येऊ द्या. म्हणले, मग बस घरी. नवऱ्याचा माग कवाच बंद पडलेला, लेकीचं कालेज चालू, घरी बसायचं मजी काय ते मला ठावं. पर कात्री खाली ठेवली ती ठेवली. नरसम्मानं आपली कात्री माझ्या कात्रीशेजारी ठेवली. मग एकेक करून सगळ्याजणींनी.

दोन दिवस मशीनी गप. आर्डरीची मुदत जवळ आलेली, तिसऱ्या दिवशी ते गठ्ठे त्यांच्याच लेबलासकट बाजारात गेले आन् जवानांचा माल आमच्या मागावर चढला. मला मातूर शिक्षा म्हणून मागच्या दाराशी बसवलं, धूळ येती, ऊन लई लागतंय. मागल्या महिन्यात वॉचमन कुलूप घेऊन आला, परदेशी गिऱ्हाईक आता येत न्हाय म्हणला, दार लावाय सांगितलंय. मी माझं स्टूल उचलून उंबऱ्यात मांडलं. म्हणलं, लाव की आता. तवापासनं उंबऱ्यातच बसून शिवते मी.